अळिवाची मुळं आणि मिनिटाला एक फेरी: क्लिनोस्टॅट बांधून सूक्ष्मगुरुत्वाचा प्रयोग कसा करावा

अवकाश स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किमी उंचीवरून फिरतं. तिथे पृथ्वीचं गुरुत्व संपलेलं नसतं, जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के शिल्लक असतं. पण स्थानक आणि त्याच्या आतलं सगळं एकत्रच सतत पडत असतं, म्हणून वजन जाणवत नाही. यालाच सूक्ष्मगुरुत्व म्हणतात. जमिनीवर हीच अवस्था हवी असेल तर पडण्यावाचून इलाज नाही. जर्मनीत ब्रेमेनच्या ड्रॉप टॉवरमध्ये वरून सोडलेल्या कुपीला सुमारे ४.७ सेकंद मिळतात, परवलयाकार झेप घेणाऱ्या विमानात वीसेक सेकंद. अळिवाचं बी रुजायला मात्र दीड-दोन दिवस लागतात.

ही अडचण वनस्पतिशास्त्रज्ञांनी दीडशे वर्षांपूर्वीच एका बाजूने सोडवली. गुरुत्व काढता येत नाही, पण रोपाला त्याची दिशा कळू न देणं शक्य आहे. रोप आडव्या आसाभोवती संथ फिरवत ठेवलं की ‘खाली’ म्हणजे कुठे, हे मुळाला ठरवताच येत नाही. युलियस फॉन झाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने अशा यंत्राला क्लिनोस्टॅट हे नाव दिलं. आजही अवकाशात पाठवायच्या प्रयोगांची रंगीत तालीम अनेकदा क्लिनोस्टॅटवर किंवा त्याच्या दोन आसांच्या भावंडावर होते.

इथे एक आसाचा क्लिनोस्टॅट बांधून त्यावर अळिवाच्या मुळांचा प्रयोग कसा लावायचा ते दिलं आहे. यंत्र दोन संध्याकाळींत उभं राहतं. वेळ जातो तो कंट्रोल, म्हणजे तुलनेचे संच, नीट लावण्यात. निकालाला किंमत येते तीही त्यामुळेच.

मुळाला खाली कसं कळतं

मुळाच्या टोकावर पेशींची टोपी असते. तिच्या मधल्या पेशींत स्टार्चने भरलेले जड कण असतात, ते पेशीच्या तळाशी बसतात. मूळ आडवं झालं की कण घसरून नव्या तळाशी जातात, त्यानुसार ऑक्सिन या संप्रेरकाचा प्रवाह एका बाजूला वाढतो, खालच्या बाजूची वाढ मंदावते आणि मूळ खाली वळतं. क्लिनोस्टॅटचा वेग ठरवताना हे कणच डोळ्यांसमोर ठेवायचे.

हिशोब असा. समजा कण पेशीत मिनिटाला ५ मायक्रॉन या गतीने बसतो. यंत्र मिनिटाला एक फेरी घेत असेल तर कण कुठल्याही बाजूला फार लांब जायच्या आत ‘खाली’ बदललेलं असतं, आणि तो जेमतेम ०.८ मायक्रॉन त्रिज्येच्या वर्तुळात घुटमळत राहतो. वेग दहापट कमी केला की हीच त्रिज्या ८ मायक्रॉन होते. तेवढ्यात कण पेशीच्या भिंतीला जाऊन टेकेल आणि मुळाला दिशा कळेल.

मग वेग भरपूर ठेवला तर? तर केंद्रापासून दूर फेकणारं बल वाढतं आणि मूळ त्यालाच गुरुत्व समजतं. १८०६ मध्ये थॉमस नाइटने पाणचक्कीवर बिया बांधून हेच दाखवलं होतं: मुळं बाहेरच्या दिशेने वाढली, कोंब आसाकडे. केंद्रापासून २ सेमीवर, मिनिटाला एक फेरी असताना हे बल गुरुत्वाचा सुमारे ४५,००० वा भाग भरतं, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगं. वेग दुप्पट केला की बल चौपट होतं, अंतर दुप्पट केलं तर दुप्पट. मुळांसाठी मिनिटाला १ ते २ फेऱ्या आणि बिया केंद्राच्या जवळ, एवढं धरून चाला.

यंत्राचं सामान

मोटर म्हणून २८बीवायजे-४८ ही ५ व्होल्टची छोटी स्टेपर (म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी फिरणारी) मोटर आणि तिच्यासोबत मिळणारं यूएलएन२००३ ड्रायव्हर बोर्ड घ्या. चालवायला आर्डुइनो नॅनो हा आज्ञावली भरता येणारा छोटा बोर्ड पुरतो. याशिवाय ८ मिमी जाडीची, आटे असलेली सुमारे २० सेमी सळई, तिला बसणाऱ्या चार नट आणि रुंद वॉशर, ६०८ क्रमांकाच्या दोन बेअरिंग (स्केटिंगच्या चाकात असतात त्याच, आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२), ५ मिमीवरून ८ मिमीवर नेणारा लवचीक कपलर, १२ मिमी जाडीचा प्लायवूड आणि एक जुनी सीडी. कपलर थ्री-डी प्रिंटरचे सुटे भाग विकणाऱ्याकडे मिळतो.

डीसी गिअर मोटर टाळा. ती चालते, पण बशीची (बिया लावायच्या झाकणाच्या पेट्री डिशची) एक बाजू किंचित जड असली की उतरताना पळते आणि चढताना रेंगाळते. मग बिया प्रत्येक फेरीत एका स्थितीत जास्त वेळ राहतात आणि मुळांना पुसटशी दिशा मिळते. मायक्रोवेव्हच्या फिरत्या थाळीखालची मोटर भंगारात स्वस्त मिळते, पण ती आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर मिनिटाला ५ फेऱ्या घेते, चालू करताना कुठल्या दिशेने फिरेल याचा नेम नसतो आणि तिच्या उघड्या टोकांवर २३० व्होल्ट असतात. शाळेच्या प्रयोगशाळेत तिला जागा नाही.

प्लायवूडच्या पाटावर दोन उभ्या फळ्या ८ ते १० सेमी अंतरावर लावा, दोन्हींत सारख्याच उंचीवर २२ मिमीची भोकं पाडून बेअरिंग ठोका. भोकं वेगवेगळी मोजून पाडण्यापेक्षा दोन्ही फळ्या एकत्र शिकंजात धरून एकदमच पाडा, म्हणजे आस तिरका होणार नाही. सळई ओवा, एका टोकाला कपलर आणि मोटर, दुसऱ्या टोकाला दोन नट-वॉशरच्या मध्ये सीडी. सीडीचं भोक १५ मिमीचं आणि सळई ८ मिमीची, म्हणून वॉशर घट्ट करण्याआधी सीडी मध्यावर आली आहे का ते फिरवून बघा. पुढे आलेल्या नटला बशी टेकू नये यासाठी सीडीवर तीन ठिकाणी १ सेमी उंचीचे फोमचे तुकडे दुहेरी चिकटपट्टीने लावा. बश्या त्यांवर चिकटतील.

मोटर थेट बशीला जोडायचा मोह होतो. करू नका. ही मोटर सतत चालली की हाताला चांगली गरम लागते, तिचा दांडाही जेमतेम आधाराचा असतो. चार भरलेल्या बश्यांचं वजन दीडशे ग्रॅमच्या पुढे जातं. बेअरिंग ते वजन पेलतात आणि सळईच्या लांबीमुळे उष्णताही बियांपासून दूर राहते.

आज्ञावलीत अर्ध्या पावलांची पद्धत वापरा. पूर्ण पावलांत दर वेळी जाणवेल असा झटका बसतो. अर्ध्या पावलांनी एका फेरीला ४०९६ पावलं धरतात, म्हणजे मिनिटाला एक फेरी हवी असेल तर दर १४.६५ मिलिसेकंदांना एक पाऊल. या मोटरीच्या गिअरचं खरं गुणोत्तर ६४ पेक्षा किंचित कमी असतं, त्यामुळे फेरी अर्धा टक्का लवकर पूर्ण होते. त्याने बिघडत काही नाही, पण सीडीवर खूण करून १० फेऱ्यांचा वेळ घ्या आणि जो आला तो वहीत लिहा. ६०० सेकंदांच्या आसपास नसेल तर मोटर पावलं चुकते आहे: कुठेतरी घासतंय किंवा वीज कमी पडतेय.

यानंतरच्या दोन तपासण्या बहुतेक जण टाळतात आणि तिथेच फसतात.

पहिली, समतोल. कपलर ढिला करून सीडी (बश्या लावलेल्या असताना) हाताने फिरवून सोडा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर विरुद्ध बाजूला खेळण्यातल्या मातीचा चिमूटभर गोळा लावा. कणीक नको, ती वाळून हलकी होते. समतोल नसलेल्या चाकाला स्टेपर मोटर एका वेगाने फिरवते खरी, पण जड बाजू माथ्यावरून ओलांडताना गिअरमधली फट एकदम भरून निघते आणि बशीला प्रत्येक फेरीत एक हिसका बसतो.

दुसरी, पाणसळ. आस आडवा म्हणजे अगदी आडवा हवा. आसाला १ अंशाचा उतार राहिला तर गुरुत्वाचा ५७ वा भाग आसाच्या दिशेने कायम शिल्लक राहतो, कितीही फेऱ्या झाल्या तरी. वर काढलेल्या केंद्रोत्सारी बलाच्या तो जवळपास ८०० पट आहे. वेगाचा काथ्याकूट करायचा आणि टेबल तिरकं ठेवायचं, असं होऊ नये. २० सेमी सळईच्या दोन टोकांत १ मिमी फरक असला तरी गुरुत्वाचा २०० वा भाग उरतो. पाटाखाली कागदाच्या घड्या सरकवून हा फरक घालवा आणि प्रयोग संपल्यावर पुन्हा मोजा.

वीज गेली की प्रयोग गेला. पाच-दहा मिनिटं चाक थांबलं तर मुळं वळायला तेवढंही पुरतं, आणि नंतर ते वळण पुसलं जात नाही. या मोटरीला साधारण पाव अँपिअर लागतो, म्हणून १०,००० एमएएचची पॉवर बँक जेमतेम एक दिवस काढते. ४८ तासांसाठी वायफाय राउटरला लावतात तो छोटा डीसी यूपीएस सोयीचा. त्याला ५ व्होल्टची वाट आहे ना हे बघून घ्या. चाक मध्येच थांबलं होतं का हे कळावं म्हणून समोर जुना मोबाइल लावून ठरावीक अंतराने फोटो घेत राहा, पण दर ६० सेकंदांनी नको. मिनिटाला एक फेरी घेणारं चाक दर मिनिटाच्या फोटोत एकाच जागी दिसतं आणि चालू असूनही बंद वाटतं. ५० सेकंदांचं अंतर ठेवा.

बी कुठलं

२०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला यांनी अवकाश स्थानकात मूग आणि मेथी रुजवली, त्यामुळे पहिला विचार मुगाचा येतो. उसळीसाठी मूग उत्तम, पण उभ्या फिरत्या बशीत तो जड पडतो, जागचा सुटतो आणि त्याचं टपोरं मूळ जेलीला ढकलून बी उचलतं. मोहरी चालते. सगळ्यांत सरस अळीव, म्हणजेच हळीव: बाळंतिणीच्या लाडवांतला. मुळांच्या गुरुत्वसंवेदनेवरच्या संशोधनात, अवकाशातल्या प्रयोगांतसुद्धा, अळीव जुना गडी आहे. त्याचं मूळ बारीक, सरळ आणि झपाट्याने वाढणारं असतं. शिवाय ओलं झालं की अळिवाभोवती जो बुळबुळीत थर येतो तो बी जेलीला आपोआप चिकटवतो. डिंक लागत नाही.

म्हणूनच अळीव आधी भिजवायचा नाही. भिजवलेल्या बियांचा एकच गोळा होतो आणि एकेक बी वेगळं करता येत नाही. आधी २० बिया ओल्या कागदावर रुजवून बघा. १७ पेक्षा कमी रुजल्या तर दुसऱ्या दुकानातून आणा. बुरशीचा त्रास असेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर बुडवून गाळणकागदावर लगेच वाळवा. पातळ केलेल्या ब्लीचमध्ये ठेवल्या तर बुळबुळीत थर फुगतो आणि काम अवघड होतं.

जेली

ओल्या टिश्यूवर हा प्रयोग करू नका. उभ्या स्थिर बशीत पाणी खाली उतरतं, खालचा भाग ओला आणि वरचा कोरडा होतो, आणि मुळं ओलाव्याकडे वळतात. फिरत्या बशीत पाणी सगळीकडे सारखं राहतं. दोन संचांत फरक दिसेल, पण तो गुरुत्वामुळे की पाण्यामुळे हे सांगता येणार नाही.

किराणा दुकानातला चायना ग्रास म्हणजे अगारच. १०० मिलि पाण्याला १.२ ग्रॅम घ्या. उभ्या बशीत जेली घसरत असेल तर १.५ ग्रॅमपर्यंत जा. ९० मिमीच्या बशीत २५ मिलि जेली ओतली की सुमारे ४ मिमीचा थर बसतो. तीन संच, प्रत्येकी चार बश्या, म्हणजे ३०० मिलि. सांडलवंड धरून ३५० मिलि पाणी आणि ४.२ ग्रॅम अगार. खत-क्षार काही घालू नका. पहिले दोन दिवस बियाला स्वतःची शिदोरी पुरते, आणि साखर घातली तर बुरशीलाच आमंत्रण.

मिश्रण ढवळून काचेच्या बाटलीत भरा, झाकण ढिलं ठेवा. प्रेशर कुकरमध्ये तळाला जाळी, तीन-चार सेमी पाणी, पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून २० मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर अगार एकदम उकळून बाटलीबाहेर येतो. बाटली हातात धरवेल इतकी निवली, म्हणजे ५० अंशांच्या आसपास आली, की बश्यांत ओता. फार गरम ओतलं तर झाकणाला थेंब धरतात, आणि तेच थेंब फिरत्या बशीत जेलीवरून लोळत बिया हलवतात. थिजल्यावर झाकण किंचित कललेलं ठेवून अर्धा तास सुकू द्या.

बिया लावणं

बशीच्या पाठीमागे मार्करने २ सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, त्यावर सारख्या अंतराने आठ खुणा करा आणि काठावर ‘वर’ असा बाण काढा. योगायोग म्हणजे इस्रोनेही डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी६० या रॉकेटसोबत पाठवलेल्या क्रॉप्स या पेटीत चवळीच्या आठच बिया ठेवल्या होत्या. चार दिवसांत त्या रुजल्या.

अळिवाच्या बियाचं एक टोक निमुळतं असतं, मूळ तिकडून निघतं. कोरड्या चिमट्याने बी उचला (ओल्या काडीला ते चिकटून बसतं) आणि खुणेवर असं ठेवा की निमुळतं टोक वर्तुळाच्या कडेने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बघेल. केंद्राकडे नको आणि बाहेरही नको. या मांडणीत आठ मुळांच्या सुरुवातीच्या दिशा ३६० अंशांत समान वाटल्या जातात, त्यामुळे बशीभर मुळं एकीकडे वळली तर लगेच दिसतं. टोकं आधीच बाहेर ठेवली आणि मुळं बाहेर वाढली, तर ती केंद्रोत्सारी बलाने गेली की नुसती नाकासमोर गेली हे कळणार नाही. कडेने लावलेली मुळं मात्र बाहेर वळू लागली तर वेग जास्त झाल्याची ती खूण आहे.

बिया लावून बश्या अर्धा तास आडव्याच ठेवा, बुळबुळीत थर फुगून जेलीला धरतो. मग कडेने औषधाच्या दुकानातली कागदी मायक्रोपोर पट्टी गुंडाळा. सेलोटेप किंवा पॅराफिल्मने हवाबंद केलं तर आत ऑक्सिजन कमी पडतो आणि इथिलीन (झाडं आणि पिकणारी फळं सोडतात तो वायू) साठतं. त्याने मुळं आखूड, जाड आणि वाकडी होतात. याच कारणाने आंब्याच्या अढीशेजारी किंवा केळ्यांच्या घडाजवळ प्रयोग लावू नका. रशियाच्या मीर अवकाश स्थानकावर १९९६-९७ मध्ये वाढवलेल्या गव्हाच्या लोंब्या दाण्यांविना रिकाम्या निघाल्या. तिथला दोष वजनहीनतेचा नव्हता, हवेत साठलेल्या इथिलीनचा होता.

मुळं उजेडालाही वळतात, म्हणून प्रत्येक चवड अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. बाण फॉइलवरही काढा. तापमान २४ ते २७ अंश हवं. विदर्भात किंवा मराठवाड्यात हा प्रयोग मे महिन्यात काढण्यात अर्थ नाही, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

तीन संच

पहिला संच क्लिनोस्टॅटवर: आस आडवा, बशी भिंतीवरच्या घड्याळासारखी उभी, आस बशीच्या मध्यातून. चार बश्या एकमेकींना चिकटपट्टीने बांधून एकच चवड करा.

दुसरा संच शेजारी स्थिर, बश्या उभ्या, बाण वर. बरेच जण इथेच थांबतात, पण या दोन संचांत फक्त गुरुत्वाच्या दिशेचा फरक नाही. एक फिरतोय, थरथरतोय, मोटरीच्या उबेजवळ आहे. दुसरा निवांत आहे.

म्हणून तिसरा संच लागतो: अगदी तसंच यंत्र, पण आस उभा. सीडी आता फिरत्या पाटासारखी आडवी असेल, तिच्यावर बश्यांची चवड मध्यभागी उभी ठेवून पट्टीने बांधा. मिनिटाला फेरी तेवढीच, थरथर तीच, ऊबही तीच, पण ‘खाली’ मात्र कायम एकाच बाजूला. या संचाची मुळं सरळ खाली गेली आणि पहिल्याची भरकटली, तरच बोट गुरुत्वाकडे दाखवता येतं. दुसरं यंत्र बांधायचं जिवावर आलं तर आळीपाळीने चालवा, पण एकाच पुडीतलं बी, एकाच दिवशी ओतलेली जेली आणि तेच तापमान सांभाळा.

अवकाशातल्या प्रयोगांनाही हा जाच चुकत नाही. स्थानकातलं तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड यांची नोंद खाली पाठवली जाते, आणि जमिनीवरचा जोडसंच त्याच आकड्यांवर, काही तास किंवा दिवस मागे ठेवून चालवतात. पनवेलजवळच्या अॅमिटी विद्यापीठाने पीएसएलव्ही-सी६० च्याच चौथ्या टप्प्यावर पालकाच्या पेशींचा गोळा पाठवला, तेव्हा जमिनीवर समांतर संच ठेवण्याची योजना त्याचा भाग होती.

४८ तासांनी

फॉइल उघडल्या उघडल्या प्रत्येक बशीचा समोरून, ३० सेमी अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. बश्या उघड्यावर मांडून चहाला गेलात तर मुळं नव्या खालीकडे वळायला लागतात.

इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर वापरून प्रत्येक मुळाच्या शेवटच्या ३ मिमी भागाचा बाणाशी होणारा कोन मोजा. मोजणाऱ्याला कुठली बशी कुठल्या संचातली हे माहीत नसावं. फोटोंची नावं दुसऱ्या कोणीतरी बदलून द्यावीत.

कोनांची साधी सरासरी काढू नका. १० अंश आणि ३५० अंश ही दोन्ही मुळं जवळपास वर निघाली आहेत, पण त्यांची सरासरी १८० येते, म्हणजे थेट खाली. प्रत्येक कोनाचा कोसाइन आणि साइन काढा, दोन्हींच्या बेरजा करा, बेरजांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्या आणि मुळांच्या संख्येने भागा. येणारा आकडा ० ते १ मध्ये असतो: सगळी मुळं एकाच दिशेला तर १, चहूकडे तर ० च्या जवळ. स्प्रेडशीटला कोन अंशांत चालत नाही, आधी ०.०१७४५ ने गुणा. ३२ मुळांसाठी ढोबळ मोजमाप असं: आकडा ०.३ च्या आत असेल तर ठाम दिशा नाही असं धरायचं. स्थिर आणि उभ्या आसाच्या संचात तो ०.९ च्या पुढे यायला हवा. तिथेच तो कमी आला तर क्लिनोस्टॅटचा निकाल बघूच नका, आधी जेली आणि बी तपासा.

एका बशीतली आठ मुळं म्हणजे आठ स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. त्यांची जेली, हवा, झाकण सगळं एकच. अख्खा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा करा.

क्लिनोस्टॅटवरची काही मुळं जेली सोडून हवेत निघतात, काही आत घुसतात. गुरुत्वाचा दाब एका बाजूला नसल्याने हे होणारच. अशा मुळांचा कोन मोजता येत नाही, पण ती गुपचूप वगळू नका, किती होती ते वेगळ्या रकान्यात लिहा. सगळीच मुळं हवेत निघाली असतील तर मात्र आसाचा उतार पुन्हा बघा. फिरत्या संचातली सगळी मुळं बाणाच्या संदर्भात एकाच बाजूला गेली असतील तर चाक मध्ये थांबलं होतं, मोबाइलचे फोटो चाळा. टोकं तपकिरी पडली असतील तर उष्णता किंवा बुरशी.

पहिला प्रयोग जमला की याच यंत्रावर त्याहून मजेदार दुसरा होतो. बिया एका ओळीत, टोकं खाली करून लावा आणि बशी उभी ठेवून मुळं सेंटिमीटरभर सरळ वाढू द्या. मग बशी काटकोनात वळवून मुळं आडवी करा: एक बशी २ मिनिटं, दुसरी ५, तिसरी १०, चौथी २०. वेळ झाली की लगेच क्लिनोस्टॅटवर चढवून दीड तास फिरवा. आडवं असतानाच जेवढी दिशा मुळाने टिपली तेवढंच वळण पुढे फिरताना उमटतं. किती मिनिटांपासून वळण दिसायला लागतं ते तुमच्या बियांसाठी, तुमच्या तापमानाला मोजून काढता येतं. सोबत एक बशी अजिबात आडवी न करता थेट फिरवा, नाहीतर आपोआप आलेली वाकडी वळणंही हिशोबात धरली जातील.

क्लिनोस्टॅटवर काय होत नाही

पेशी द्रवात तरंगत असतील तर वेग वाढवावा लागतो: ३ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत मिनिटाला ६० फेऱ्यांपर्यंत. नळी काठोकाठ भरायची, हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तो रवीसारखा द्रव घुसळतो.

वितळलेला धातू, ज्योत, स्फटिक, फेस यांच्यासाठी मात्र हे यंत्र निरुपयोगी आहे. तिथे प्रश्न दिशेचा नसून उष्ण-थंड, जड-हलकं वेगळं होण्याचा असतो, आणि फिरवल्याने ते थांबत नाही, उलट ढवळलं जातं. त्यासाठी खरी वजनहीनताच लागते. म्हणूनच इस्रोने जानेवारी २००७ मध्ये एसआरई-१ या परत येणाऱ्या कुपीत धातू वितळवण्याची भट्टी बसवून पाठवली होती.

त्याची छोटी चुणूक बघायची असेल तर पेटी पाडा. २ मीटर उंचीवरून सोडलेली पेटी ०.६४ सेकंद पडते. मोबाइलने सेकंदाला २४० चौकटी टिपल्या तर दीडशेहून जास्त चित्रं मिळतात. पेटीत मोबाइल आणि समोर, थोड्या रंगीत पाण्यात उभी केलेली, दोन्ही टोकांना उघडी पारदर्शक स्ट्रॉ घट्ट बसवा. नेहमी स्ट्रॉमध्ये काही मिलिमीटरच चढलेलं पाणी पडताना वर धाव घेतं, कारण पृष्ठताणाला अडवणारं वजन नसतं. हवेचा अडथळा टाळायला ही पेटी एका मोठ्या, जड तळाच्या खोक्यात सैल ठेवा आणि दोन्ही एकदम सोडा: बाहेरचं खोकं हवेशी झुंजतं, आतली पेटी त्याच्या आत मोकळी पडते. त्यासाठी सोडताना आतली पेटी खोक्याच्या तळापासून थोडी वर, दोऱ्याला टांगलेली हवी, आणि दोन्हींना धरणारा दोरा कात्रीने एकाच झटक्यात कापायचा. खाली निदान २० सेमी दबणारा फोम अंथरा. २ मीटर पडून २० सेमीत थांबलं तर धक्का सरासरी १० पट गुरुत्वाचा बसतो. ५ सेमीची पातळ गादी ठेवली तर ४० पट, आणि मोबाइलची काच जाते. पेटत्या मेणबत्तीचा प्रयोग पुठ्ठ्याच्या पेटीत करू नका.